जुन्या हंबकरचा आवाज नेमका कशात असतो?

पिकअपच्या डब्यावर रोध लिहिला होता ८.० किलोओहम आणि मल्टिमीटर दाखवत होता ८.५. पुण्यातली मे महिन्यातली दुपार, पंखा पाचवर, आणि समोर बसलेल्या मुलाचा चेहरा पडलेला. "काका, मला दुसराच पिकअप दिलाय का?" वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने आपल्या लेस पॉल धाटणीच्या गिटारीसाठी जुन्या पद्धतीचा हंबकर मागवला होता. हंबकर हा पिकअपचाच एक प्रकार, आणि पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसून त्यांची थरथर विजेत बदलणारा भाग.

पिकअप बरोबरच होता. पिकअपच्या आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल असते, आणि तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २० अंशांना मोजलेले ८.० किलोओहम खोलीतल्या ३६ अंशांना ८.५ होणारच. डिसेंबरात पहाटे मोजला असता तर आकडा आठच्या खाली आला असता. आवाज मात्र दोन्ही वेळा तोच राहिला असता. पिकअपची बहुतेक खरेदी या एका आकड्यावर चालते आणि हा आकडा आवाजाबद्दल फार थोडं सांगतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आकड्यामागे धावून कष्टाचे पैसे भलत्या ठिकाणी जातात.

पिकअपचं काम शाळेत शिकलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच हे. चुंबकाजवळची गिटारची पोलादी तार स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की खालच्या कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. अडचण अशी, की कॉइलला तारेची थरथर आणि घरातल्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र यांत फरक कळत नाही. ट्यूबलाइटचा चोक, फ्रिज, अ‍ॅम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचं क्षेत्र आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा हेलकावतं आणि ते स्पीकरमधून गुणगुण होऊन बाहेर पडतं. अमेरिकेत तीच गुणगुण ६० हर्ट्झची.

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कॅलामझू गावात गिब्सन या गिटार कंपनीचा कारखाना होता. तिथले अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोडगा काढला. एका चुंबकाच्या दोन बाजूंना दोन कॉइल ठेवायच्या: एकीला उत्तर ध्रुव, दुसरीला दक्षिण ध्रुव, आणि जोडणीही एकमेकींच्या उलट. बाहेरून येणारी गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्यामुळे एकमेकींत विरते. तारेचा संदेश मात्र ध्रुव उलटे असल्यामुळे एकदा उलटतो, जोडणीमुळे पुन्हा उलटतो, म्हणजे सुलटा होऊन दुसऱ्या कॉइलच्या संदेशात मिळतो. 'हम' म्हणजे गुणगुण आणि 'बक' म्हणजे तिला विरोध करणं, म्हणून हंबकर. याच सुमारास रे बट्स यांनीही ग्रेच या गिटार कंपनीसाठी दोन कॉइलचा पिकअप बनवला होता, पण गिटारवाल्यांच्या मनात घर केलं ते लव्हर यांच्या पिकअपने.

२२ जून १९५५ ला पेटंटचा अर्ज गेला, पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ ला. १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारींवर बसू लागले, तेव्हा त्यांच्या पाठीवर छोटा काळा स्टिकर असायचा: 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे. त्याचीच आद्याक्षरं घेऊन जग या पिकअपला 'पीएएफ' म्हणतं. पेटंट मिळाल्यावरही काही वर्षं हाच स्टिकर लागत राहिला. नंतर क्रमांकाचा स्टिकर आला, तर त्यावर छापलेला क्रमांक या पिकअपचा नव्हताच, ज्यांच्या नावाची ही गिटार त्या लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवायच्या भागाच्या पेटंटचा तो होता.

आता 'जुन्या पद्धतीचा' म्हणताना आपण नेमकं काय मागतो? पीएएफ हा एकच आवाज कधीच नव्हता. कॉइलची तार होती ४२ गेजची, तांब्याचा व्यास साधारण ०.०६३ मिलिमीटर. पंख्याचं वाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानात जी तार दिसते ती हिच्यापुढे दोरखंड वाटेल. एका कॉइलवर साधारण ५००० वेढे. पण वेढे मोजण्याची शिस्त सैल होती, त्यामुळे कुठे दोनशे जास्त, कुठे तीनशे कमी. मूळ पिकअप ७ ते ९ किलोओहमपर्यंत कुठेही सापडतात. चुंबकही हाताला येईल तो: अल्निको या मिश्रधातूच्या २, ३, ४ किंवा ५ क्रमांकाच्या प्रकाराचा. १९६१ च्या सुमाराला आखूड अल्निको ५ कायमचा झाला.

या सैलपणातला एक भाग कानाला चांगला लागला. दोन कॉइलच्या वेढ्यांत फरक पडला की गुणगुण पूर्ण जात नाही, थोडी उरते. त्याबरोबर वरच्या पट्टीतली थोडी धारही उरते. जुन्या हंबकरला लोक 'हवा असलेला' म्हणतात, त्यात या असमानतेचा मोठा हात आहे असं मला वाटतं. म्हणून नवा पिकअप घेताना 'दोन्ही कॉइल सारख्या की कमीजास्त?' हा प्रश्न किलोओहमच्या आधी विचारावा.

पण आवाजाचा खरा गाभा इंडक्टन्समध्ये, म्हणजे कॉइल बदलत्या प्रवाहाला करते त्या विरोधात आहे. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनादी मंडल बनतं. पाळण्याला जशी स्वतःची लय असते, तशी या मंडलाची एक आवडती वारंवारता असते. तिच्या आसपासचा आवाज उठून येतो, तिच्या वरचा झपाट्याने उतरतो. पीएएफचा इंडक्टन्स साधारण ४.४ हेन्री धरा. पाच मीटरची केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या हिशेबाने ५००, त्यात पिकअपचे स्वतःचे १०० मिळवा. गणित केलं तर शिखर येतं ३१०० हर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान नेमका याच भागात फार संवेदनशील असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, तिचा स्वतःचा अनुनादही ३००० हर्ट्झच्या जवळपासच येतो. जुना हंबकर कानाशी येऊन बोलल्यासारखा वाटतो, त्यामागे हे एक कारण नक्की आहे.

आता १६ किलोओहमचा भारी पिकअप घ्या, ज्याचा इंडक्टन्स ८ हेन्रीच्या घरात आहे. तीच केबल, आणि शिखर घसरून २३०० हर्ट्झवर येतं. आवाज मोठा होतो, मधली पट्टी जाड होते, वरची उघडी कड जाते. अ‍ॅम्प फाडून वाजवायचा असेल तर हे हवंच असतं. पण तुम्हाला जुना आवाज हवा असेल तर तुम्ही उलट्या दिशेला निघालात. शिवाय रोध वाढला म्हणून वेढे वाढले असंही म्हणता येत नाही. ४३ गेजची बारीक तार तेवढ्याच लांबीला पाव पटीने जास्त रोध देते, म्हणजे वेढे तेवढेच राहून आकडा फुगलेला दिसतो.

मिरजेचा तंबोरा ज्याने जवळून पाहिलाय त्याला ही गोष्ट लवकर कळेल. तार तीच, स्वर तोच. घोडी आणि तार यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर सरकला की वरचे उपस्वर उमलतात किंवा मिटतात आणि अख्ख्या वाद्याचा स्वभाव बदलतो. हंबकरमध्येही आपण वरच्या उपस्वरांतले कोणते पुढे येऊ द्यायचे एवढंच ठरवत असतो.

मुलाला मी हे कागदावर आकडेमोड करून दाखवलं आणि मग माझी दहा मीटरची केबल लावायला सांगितली. त्याच्या जुन्या पिकअपवर, काहीही न बदलता. आवाज लगेच मंद झाला, जणू कोणी अ‍ॅम्पवर चादर टाकली. हिशेबही तेच सांगतो: धारिता ११०० पिकोफॅरड झाली की ४.४ हेन्रीचा पिकअपही २३०० हर्ट्झवरच उतरतो. म्हणजे नुसत्या लांब केबलने जुन्या धाटणीचा पिकअप भारी पिकअपच्या शिखरावर आणून ठेवला. पिकअप मागवण्याआधी तीन मीटरची चांगली केबल लावून बघा, हा सल्ला मी आता प्रत्येकाला देतो.

तसंच व्हॉल्यूम पॉटचं, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागच्या रोधकाचं. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात. स्वस्त गिटारींत कित्येकदा २५० चे सापडतात, आणि ते अनुनादाचं शिखर दाबून टाकतात. पॉट बदलायला पिकअपच्या किमतीचा अंशही लागत नाही. आणि उंची! शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तार ते पिकअपचा खांब (तारेखालचं धातूचं टोक) हे अंतर मोजायचं. सुरुवात पुलाजवळच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळच्या पिकअपला १.६ मिलिमीटर आणि मानेजवळच्याला २.४ मिलिमीटरपासून करावी. तिथून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कानाने ऐकत जायचं. पिकअप तारेच्या फार जवळ गेला की चुंबक तारेला ओढतो, स्वर लवकर मरतो, खालच्या स्वराच्या जाड तारांवर तर किंचित बेसूरही होतो. कित्येकांना नव्या पिकअपची गरज नसते, चांगल्या स्क्रूड्रायव्हरची असते.

एवढं करूनही पिकअप बदलायचाच ठरला, तर चुंबकाकडे बघावं. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको ३ मध्ये कोबाल्ट नसतो, २ मध्ये मध्यम, ५ मध्ये भरपूर, आणि ५ ला थंड होताना चुंबकीय क्षेत्रात ठेवून एका दिशेने जोरकस केलेलं असतं. वाजवताना ५ चा खालचा स्वर घट्ट आणि वरचा टोकदार लागतो, २ चा मऊ आणि गोल. मानेजवळ २ आणि पुलाजवळ ५ अशी जोडी मला फार आवडते, पण ही माझी आवड आहे.

मग झाकण. लव्हर यांनी ते जर्मन सिल्व्हरचं निवडलं. पूजेच्या वस्तू मिळतात तेच जर्मन सिल्व्हर: नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त. झाकणाच्या पत्र्यात बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवरा प्रवाह फिरतात आणि ते वरच्या पट्टीतली ऊर्जा खातात. जर्मन सिल्व्हरचा रोध पितळेच्या जवळपास चौपट, म्हणून हे प्रवाह त्यात कमी. पितळेवर निकेलचा मुलामा दिलेलं स्वस्त झाकण बाहेरून हुबेहूब दिसतं आणि आवाज मंद करतं. त्यामुळे जुना आवाज हवा असेल तर झाकणाचा धातू विचारून घ्या.

मेणाचाही प्रश्न येतो. मूळ पीएएफ मेणात बुडवलेले नसत. त्यामुळे वेढे किंचित मोकळे राहतात आणि झाकणावर नखाने टिचकी मारली तर स्पीकरमधून ऐकू येते. घरात किंवा मध्यम आवाजात हा जिवंतपणा सुंदर लागतो. मंचावर मोठ्या अ‍ॅम्पसमोर मात्र तोच पिकअप किंचाळतो. गिब्सनचे बर्स्टबकर १, २ आणि ३ हे अल्निको २ चे, असमान कॉइलचे आणि बिनमेणाचे आहेत. त्यांचाच '५७ क्लासिक' अल्निको २ चा, समान कॉइलचा आणि मेण भरलेला. सेमोर डंकन या पिकअप कंपनीने लव्हर यांच्यासोबत बसून त्यांच्याच नावाचा पिकअप १९९४ मध्ये आणला, तो अल्निको २ चा आणि बिनमेणाचा. त्याच कंपनीचा '५९' अल्निको ५ चा आणि मेण भरलेला. चारही 'जुन्या पद्धतीचे' म्हणून विकले जातात आणि चारही वेगळे वाजतात. खोलीत ब्लूज वाजवणाऱ्या या मुलाने बिनमेणाचा निवडला होता, तो योग्यच होता.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही पिकअप बसवला. सोल्डरचे डाग दिले, तारा चढवल्या. एकेक पिकअप छान वाजला, पण स्विच मध्ये ठेवून दोन्ही एकत्र लावले तर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. नवा पिकअप आणि राहू दिलेला जुना यांचे संदेश एकमेकांच्या उलट येत होते, त्यामुळे एकत्र आले की एकमेकांना खात होते. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये मानेजवळच्या पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता आणि तोच आवाज त्यांची ओळख ठरला. मी मुलाला विचारलं, हा आवाज ठेवायचा का? त्याला नको होता.

खात्रीसाठी काट्याचा जुना मल्टिमीटर काढला. पिकअपच्या दोन टोकांना तो जोडला, पोलादी स्क्रूड्रायव्हर खांबांवर टेकवला आणि झटकन उचलला. मानेजवळच्या पिकअपवर काटा उजवीकडे उडाला, पुलाजवळच्यावर डावीकडे. वायरी उलट्या जोडून हे सुटलं नसतं. जुन्या पद्धतीच्या पिकअपला एकच विणीची वायर असते आणि तिचं बाहेरचं जाळं झाकणाला जोडलेलं असतं. वायर उलटी केली तर अख्खं झाकणच संदेशाच्या टोकाला जोडलं जातं आणि हात लागला की गुणगुण वाढते. उपाय एकच, चुंबक उलटा करायचा.

पुलाजवळचा नवा पिकअप पुन्हा बाहेर काढला. झाकणाचे दोन डाग जपून सोडवले, पाठीमागचे चार पितळी स्क्रू सैल केले. दोन कॉइलच्या मधून अल्निकोची पट्टी हळूच बाहेर सरकवली: बोटाएवढी, करडी, खरखरीत, कडेला ओतकामाची खूण. लांबीच्या अक्षावर ती पालथी केली, म्हणजे स्क्रूच्या कॉइलकडची कड आता दुसऱ्या कॉइलकडे आली, आणि तशीच आत सरकवली. केसापेक्षा बारीक तारेला धक्का लागू नये म्हणून मुलगा श्वास रोखून टॉर्च धरून उभा होता. स्क्रू आवळले, स्क्रूड्रायव्हर खांबांवर टेकवला आणि उचलला. काटा उजवीकडे उडाला.