स्पिटफायरच्या गिअरबॉक्सवर पुठ्ठा कुठून आला?

ट्रायम्फ स्पिटफायर ही साठ-सत्तरच्या दशकांतली उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी रिस्टोअर करायला घेतली, की सीटा आणि कार्पेट निघाल्यावर डॅशबोर्डच्या खालून मागे येणारा एक उंचवटा दिसतो. गिअरचा दांडा त्यातूनच वर आलेला असतो. बोटानं टकटक केली की कळतं, हा पत्रा नाही, पुठ्ठा आहे. कागदी लगदा दाबून, साच्यात आकार देऊन केलेला मिलबोर्ड. नवख्याला वाटतं की मधल्या कुठल्यातरी मालकानं केलेला हा जुगाड असणार. तसं नाही, कारखान्यातून गाडी अशीच बाहेर पडायची.

ही काटकसर होती यात शंका नाही. पण नुसत्या काटकसरीनं सगळं उलगडत नाही. स्पिटफायर आली त्याच वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, बाजारात आलेली एमजीबी ही दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीसुद्धा किमतीकडे बघूनच बनवलेली होती, आणि तिचा टनेल, म्हणजे हाच मधला उंचवटा, मात्र पत्र्याचा, फरशीला वेल्ड केलेला. फरक गाडीच्या मूळ बांधणीत आहे. एमजीबी मोनोकॉक, म्हणजे बॉडीच तिचा सांगाडा. तिथे टनेल हा गाडीचा कणा असतो, तो सुटा ठेवता येत नाही. स्पिटफायरला खाली वेगळी चासी, म्हणजे बॉडीपासून सुटा सांगाडा. भार चासी आणि दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालचे पट्टे, पेलतात. गिअरबॉक्सवरच्या कव्हरला काहीच पेलायचं नसतं. त्याचं काम झाकायचं.

आता साठच्या दशकात, सगळे मोनोकॉककडे वळत असताना ट्रायम्फनं वेगळी चासी का धरून ठेवली? त्याचं उत्तर १९५३ सालात आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फ ही कोव्हेंट्रीची कंपनी मोटारींच्या बॉडी बाहेरून घ्यायची, आणि त्यातला मोठा पुरवठा फिशर अँड लडलो या कंपनीचा. त्या साली ती कंपनी बीएमसीनं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्यानं, विकत घेतली. हातातल्या करारापुरता माल मिळेल, पुढच्या गाड्यांसाठी नाही, असा मामला झाला. अख्खी मोनोकॉक बॉडी दाबून देईल असा दुसरा मोठा पुरवठादार सहज मिळेना.

हॅरी वेबस्टर हे तेव्हाचे मुख्य इंजिनिअर. त्यांनी अडचणीलाच रचना केलं: चासी वेगळी ठेवायची, बॉडीचे सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घ्यायचे आणि नटबोल्टनं एकत्र जोडायचे. इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तींनी त्यावर देखणं रूप चढवलं आणि १९५९ मध्ये ट्रायम्फ हेरल्ड आली. धंद्यातली कोंडी इतकी थेट गाडीच्या फरशीपर्यंत पोचल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. ही हेरल्ड आपल्याकडेही आली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनवली, पुढे चार दारांची केली, आणि सत्तरच्या दशकातली गझेलही तिच्यातूनच निघाली. म्हणून हेरल्डवर हात बसलेल्या आपल्याकडच्या जुन्या मेस्त्र्याला स्पिटफायर परकी वाटायचं कारण नाही.

स्पिटफायर म्हणजे याच चासीची आखूड आवृत्ती. हेरल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएक्क्याण्णव इंच, हिचा ८३. पैशांअभावी तिचा नमुना धूळ खात पडला होता. १९६१ मध्ये लेलँड या ट्रक-बस बनवणाऱ्या कंपनीनं स्टँडर्ड-ट्रायम्फ ताब्यात घेतल्यावर नव्या वरिष्ठांपैकी एकाला तो कापडाखाली झाकलेला सापडला, असा किस्सा सांगतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये गाडी लंडनच्या मोटर शोमध्ये आली आणि ऑगस्ट १९८० पर्यंत बनत राहिली. एकूण तीन लाखांहून जास्त.

सुट्या कव्हरचा खरा उपयोग क्लच संपला की कळतो. एमजीबीत क्लच प्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. स्पिटफायरमध्ये इंजिन जागेवर ठेवून गिअरबॉक्स आतून, केबिनमधून काढतात. सीटा आणि कार्पेट बाहेर, डॅशबोर्डला आधार देणारी मधली फ्रेम बाहेर, मग कव्हरच्या कडेचे सगळे बोल्ट. प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, इंजिनच्या खाली जॅक लावायचा, बेलहाउसिंगचे (इंजिनला जोडलेल्या, क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाचे) बोल्ट काढायचे आणि गिअरबॉक्स मागे ओढून दाराकडून उचलून घ्यायचा. दोन माणसं असली की निभतं. ट्रायम्फच्याच टीआर ६ मध्येही हाच मार्ग. तिथे क्लच फोर्क (क्लच सोडवणारा दुबेळका) शाफ्टला धरून ठेवणारी निमुळती पिन तुटायची खोड प्रसिद्ध आहे, त्यामुळे क्लच प्लेट चांगली असूनही अनेकांना कव्हर उघडावं लागलं.

आणि इथेच पुठ्ठ्याचं नशीब फुटतं. दर खेपेला बोल्टची भोकं थोडी फाटतात. वरून पावसाचं पाणी (उघड्या टपाच्या गाडीत ते येणारच), खालून गिअर ऑइल. काही वर्षांत कडा पावसात भिजलेल्या वहीच्या पुठ्ठ्यासारख्या फुगतात, थर सुटतात. मग कोणी तिथे ॲल्युमिनियमची पट्टी मारतं, कोणी सिलिकॉन थापतं. कडा नीट बसली नाही की इंजिनची गरम हवा, तेलाचा वास आणि गिअरबॉक्सचा आवाज थेट पायाशी येतो. क्लासिक गाड्या आतून तापतात अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे कव्हर बघावं.

जुनं कव्हर काढताना एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नये. त्या काळच्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. बेलहाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा.

नवी कव्हरं आज तीन प्रकारांत मिळतात. मूळ पद्धतीचा पुठ्ठा प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला शोभतो, आणि तिथेच त्यानं राहावं असं माझं मत. फायबरग्लासचं कव्हर पाण्याला दाद देत नाही, पण दोन कव्हरं एकसारखी निघतीलच असं नसतं; कडा घासाव्या लागतात, भोकं बहुधा आपणच पाडायची. साच्यातून काढलेलं प्लास्टिकचं हलकं असतं आणि झटपट बसतं, मात्र आतून आवाज रोखणारा थर लावल्याशिवाय ते घुमतं. चालवायच्या गाडीला मी फायबरग्लास निवडेन.

बसवताना घाई नडते. आधी गिअरबॉक्स त्याच्या माउंटवर पक्का झालेला हवा, नाहीतर आज बरोबर जमलेलं गिअर लिव्हरचं भोक उद्या बाजूला सरकतं. ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा गिअर) असेल तर त्याचा सोलेनॉइड, म्हणजे तो चालू करणारा विजेचा भाग, आणि स्पीडोमीटरची केबल कव्हरला घासत नाहीत ना, हे हात घालून बघायचं. मग कडेनं बंद पेशींचा फोम चिकटवायचा; साधा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि फरशीचा पत्रा गंजवतो. भोकं पाडायची ती गाडीतल्या नटांवरून खूण करून, कव्हर जागेवर ठेवूनच. सगळे बोल्ट आधी दोन-दोन आटे धरवायचे, मगच पुढून मागे कसत यायचं. मोठे वायसर वापरायचे, कारण फायबरग्लास जास्त आवळलं की भोकापासून तडकतं.

कार्पेट चिकटवण्याआधी गाडी तशीच उघडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावी. पायाशी गरम वारा लागला तर पुढच्या कडेचा फोम बसलेला नाही. रिव्हर्स टाकताना दांडा कव्हरला टेकत असेल, तर भोक कानशीनं थोडं वाढवायचं आणि मगच दांड्याभोवतीचा रबरी बूट लावायचा.