भावनिक होऊ नका, मुद्द्याचं बोला!

खाण असो, धरण असो नाहीतर कीटकनाशक असो, पर्यावरणाच्या वादात एक वाक्य हमखास येतं: ‘भावनिक होऊ नका, मुद्द्याचं बोला.’ बोलणारी बाई असेल तर ते जरा लवकरच येतं. या वाक्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. भावना आणि विचार म्हणजे तराजूची दोन पारडी, एक जड झालं की दुसरं वर जाणारच. मेंदूविज्ञानाच्या कसोटीला ही समजूत उतरत नाही. आणि स्त्रीवादी विचारवंतांनी तर प्रयोगशाळेतला पुरावा हाती येण्याआधीच, वेगळ्या वाटेने तिच्यावर बोट ठेवलं होतं.

रेचल कार्सन या सागरी जीवशास्त्रज्ञ. 1962 मध्ये त्यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झालं. डीडीटीसारखी कीटकनाशकं माती, पाणी, किडे, पक्षी अशी अन्नसाखळीत वर वर चढत कशी साठत जातात, हे त्यात होतं. पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून जास्त पानं नुसत्या संदर्भांची. तरीही ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला भावनेच्या भरातला, चुकीचा उद्रेक ठरवलं. पुढे मे 1963 मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि कार्सन यांची चिंता त्यात बहुतांशी मान्य झाली. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीचा शेतीतला वापर बंद केला. ते बघायला कार्सन नव्हत्या, 1964 मध्येच कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं. त्यांच्या लिखाणात पाखरांबद्दलची माया होती आणि आकडेही होते. मायेमुळे एकही आकडा खोटा ठरला नाही.

पण माया आणि आकडे एकाच डोक्यात नांदू शकतात, एवढंच सांगून भागत नाही. खरी गोष्ट त्याहून जास्त ठाम आहे. भावना काढून घेतली तर हिशेब करणंच जमेनासं होतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मेंदूविकारतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांच्याकडे काही रुग्ण येत. त्यांच्या मेंदूच्या एका ठरावीक भागाला इजा झालेली होती. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, मेंदूच्या तळाकडचा मधला भाग. त्याचं नाव व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. त्यांपैकी ‘एलियट’ या टोपणनावाने ओळखला जाणारा रुग्ण गाठीच्या शस्त्रक्रियेतून बरा झाला होता. बुद्ध्यंक उत्तम, स्मरणशक्ती शाबूत, बोलणं व्यवस्थित. पण त्याची नोकरी गेली, धंद्यात पैसे बुडाले, संसार मोडला. कागद लावायला बसला, तर ते तारखेप्रमाणे लावावेत की विषयाप्रमाणे, यातच त्याची दुपार जाई. जळणारी घरं, पुरात बुडणारी माणसं अशी चित्रं दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, की पूर्वी हे पाहून आपल्याला काहीतरी झालं असतं, आता काहीच होत नाही. हे भयंकर आहे ते त्याला ठाऊक होतं, जाणवत मात्र नव्हतं.

अशीच इजा असलेल्या दुसऱ्या एका रुग्णाला दमासिओ यांनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. त्याने डायरी उघडली. त्या दिवसांची इतर कामं, त्यांच्या आसपासच्या भेटी, हवामान कसं असेल, अशी दोन्ही बाजूंची कारणं तो जवळजवळ अर्धा तास मांडत राहिला. त्यातलं एकही कारण चुकीचं नव्हतं. शेवटी दमासिओ यांनीच ‘दुसरी तारीख ठेवू’ म्हटलं आणि तो ‘ठीक आहे’ म्हणून निघून गेला. विचार पुरेपूर, पण त्याला पूर्णविराम देणारं काहीच नाही.

हे मोजायचं कसं? त्यासाठी आंतोआन बेशारा आणि दमासिओ यांच्या गटाने एक खेळ रचला. तो मला फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

समोर पत्त्यांचे चार गठ्ठे, हातात 2,000 डॉलरचं खोटं भांडवल. पहिल्या दोन गठ्ठ्यांतला प्रत्येक पत्ता 100 डॉलर देतो, उरलेल्या दोन गठ्ठ्यांतला फक्त 50. पण मधूनच दंडाचा पत्ता निघतो. पहिल्या दोन गठ्ठ्यांत दहा पत्त्यांमागे मिळतात 1,000 आणि दंड होतो 1,250. दुसऱ्या दोन गठ्ठ्यांत दहा पत्त्यांमागे मिळतात 500, दंड 250. म्हणजे भरघोस देणारे गठ्ठे बुडवणारे आणि थोडं थोडं देणारे तारणारे. खेळणाऱ्याला यातलं काहीच सांगत नाहीत. शंभर पत्ते उचलायचे, बस.

खेळताना तळहाताला विजेचे दोन पट्टे लावलेले असतात. आपल्या हस्तक्षेपाशिवाय चालणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेची अनुकंपी शाखा तळहातातल्या घर्मग्रंथींना चेतवते. या शाखेच्या चेतातंतूंच्या टोकाला बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन स्रवतं, घर्मग्रंथींपाशी मात्र ॲसिटिलकोलीन. त्याने ग्रंथींच्या नळ्या खारट घामाने भरू लागतात. घाम त्वचेवर दिसायच्याही आधी त्वचेची विद्युतवाहकता किंचित वाढते, आणि ती वाढ मायक्रोसीमेन्स या एककात नोंदवता येते. तळहाताचा घाम उकाड्यापेक्षा मनाच्या ताणाला जास्त दाद देतो, म्हणून जागा तळहाताची.

दंड झाला की सगळ्यांच्याच तळहाताची वाहकता वाढते, रुग्णांचीही. पण निरोगी माणसांत दहा-वीस पत्त्यांनंतर आणखी एक गोष्ट सुरू होते. हात वाईट गठ्ठ्याकडे जात असतानाच, पत्ता उचलायच्या आधी, वाहकता वाढते. 1997 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या निबंधातली गोष्ट अशी, की या टप्प्यावर विचारलं तर खेळणारा म्हणतो, ‘काय चाललंय कळत नाही.’ पन्नासाव्या पत्त्याच्या सुमारास त्याला नुसती शंका येते आणि ऐंशीच्या आसपास नियम शब्दांत सांगता येतो. काहींना तो शेवटपर्यंत सांगता येत नाही, तरी ते चांगल्या गठ्ठ्यांकडे वळलेले असतात. रुग्णांमध्ये मात्र ही आगाऊ वाढ कधीच दिसत नाही. त्यांच्यातल्या काहींना नियम अचूक सांगता आला, तरीही ते बुडवणाऱ्याच गठ्ठ्यांतून पत्ते उचलत राहिले! बसलेला फटका त्यांना कळतो, येऊ घातलेला कळत नाही.

दमासिओ यांचं स्पष्टीकरण असं: पूर्वीच्या अनुभवांची देहावर उमटलेली खूण मेंदूचा हा भाग जपून ठेवतो आणि तसाच प्रसंग येताच हायपोथॅलॅमस व मेंदूकांड या मेंदूच्याच खोलवरच्या भागांमार्फत ती खूण पुन्हा जागी करतो. अनेकदा देहापर्यंत जायचीही गरज पडत नाही, इन्सुला नावाच्या भागात देहाच्या त्या अवस्थेची नक्कल तयार होते. यावर टीकाही झाली. 2004 मध्ये माइया आणि मॅकक्लेलंड यांनी जास्त नेमके प्रश्न विचारून दाखवलं, की खेळणाऱ्यांना नियमाची जाण मानली गेली त्याहून बरीच आधी येते. मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेल्या, म्हणजे देहाकडून येणारे बरेच संदेश तुटलेल्या व्यक्तीही हा खेळ नीट खेळतात. तेव्हा तळहाताचा घामच निर्णय घेतो असं कुणी समजू नये. पण मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की परिणाम ठाऊक असूनही वागण्यात उतरत नाहीत, हे निरीक्षण टिकून आहे.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अशा प्रयोगांचा आधार घेऊन ‘आतला आवाज ऐका, तो कधीच चुकत नाही’ अशी शिबिरं भरवणारे पुष्कळ आहेत. देहाची खूण म्हणजे अंतर्ज्ञान किंवा सहावं इंद्रिय नव्हे. ती शिकलेली असते, आणि चुकीचं शिकलेली असू शकते. परक्यांचा तिरस्कारही याच यंत्रणेतून पक्का होतो. तसंच डावा मेंदू तर्काचा, उजवा भावनेचा, पुरुष डावे आणि बायका उजव्या, हे तर निव्वळ थोतांड आहे.

बायकांच्या भावनांबद्दलचं मोजमापही आता उपलब्ध आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 142 स्त्री-पुरुषांच्या भावनांची 75 दिवस रोज नोंद घेतली गेली. भावनांच्या चढउतारात स्त्री-पुरुषांमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही, संप्रेरकांच्या चक्रानेही तो पडला नाही. फरक आहे तो बघणाऱ्याच्या नजरेत. ब्रेस्कोल आणि उलमन यांनी 2008 मध्ये दाखवलं, की कामाच्या संदर्भात पुरुष रागावला तर बघणाऱ्यांच्या मते त्याचं वजन वाढतं, बाई रागावली तर तिचं घटतं. त्याच्या रागाचं कारण लोक परिस्थितीत शोधतात, तिच्या रागाचं तिच्या स्वभावात.

स्त्रीवादी राजकीय विचारांनी नेमकं हेच खूप आधी हेरलं होतं. तत्त्वज्ञ ॲलिसन जॅगर यांनी 1989 च्या निबंधात म्हटलं होतं, की समाजाने मान्य केलेल्या भावना सगळ्यांना सहज दिसतात, पण दबलेल्या माणसांना अनेकदा रीतीबाहेरच्या भावना येतात. सगळे हसत असताना एखादीला त्या विनोदाचा राग येतो. ती भावना म्हणजे काहीतरी चुकतंय याची पहिली खबर असू शकते, तिच्यासाठी शब्द अजून तयार व्हायचे असतात. ‘काय चाललंय कळत नाही’ म्हणणाऱ्या, पण तळहात ओला झालेल्या खेळाडूशी हे किती जुळतं! आता त्या खेळाडूला कुणी ‘आधी नियम सिद्ध कर, मगच हात मागे घे’ असं बजावलं तर? ऐंशीव्या पत्त्यापर्यंत त्याचं भांडवल संपलेलं असेल. कुणाच्या भावनेला पुरावा मानायचं आणि कुणाच्या भावनेला कांगावा, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हा म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे.

पर्यावरणात हा प्रश्न आणखी अवघड होतो. आज भरघोस, उद्या दंड, हीच तिथली रचना आहे, पण दंड इतका उशिरा येतो की खूण उमटायला संधीच मिळत नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवरील वेधशाळेत 1958 मध्ये नोंदी सुरू झाल्या तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत 315 च्या आसपास होतं, आता ते 420 च्या पुढे आहे. या आकड्याने कुणाचा तळहात ओला होत नाही. नुसत्या संख्या माणसाला हलवत नाहीत हे देणग्यांच्या प्रयोगांतही दिसलं. 2007 च्या एका अभ्यासात उपाशी मुलीचं नाव आणि फोटो दाखवल्यावर लोकांनी जास्त पैसे दिले, त्याला दुष्काळाची आकडेवारी जोडताच देणगी घटली. हवामानबदलापुढे आपण सगळेच थोडेफार एलियट आहोत.

काहींच्या अंगावर मात्र हा दंड आधीच पडलेला असतो. 1970 मध्ये हिमालयातल्या अलकनंदा नदीला महापूर आला. वरच्या उतारांवरची झाडं गेली की खाली काय होतं, ते तिथल्या बायकांनी त्यात पाहिलं. 26 मार्च 1974 ला गावातले पुरुष भरपाईच्या कामासाठी चमोलीला गेले असताना रेणीच्या जंगलात ठेकेदाराची माणसं आली, आणि गौरा देवी बायका-मुलींना घेऊन झाडांपुढे उभ्या राहिल्या. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्या म्हणाल्या. पुढे सरकारने नेमलेल्या समितीनंतर त्या खोऱ्याच्या वरच्या भागात दहा वर्षं व्यापारी तोड थांबली. माहेर हा शब्द भावनेचा खराच, पण त्याच्या आत उतार, मुळं, दरड आणि पूर यांचं निरीक्षण भरलेलं होतं.

यावरून स्त्री म्हणजेच निसर्ग, तिला धरणीची हाक उपजतच ऐकू येते, असं सांगणारा एक प्रवाह आहे. मला तो अजिबात पटत नाही. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी 1992 मध्ये त्याला नेमका छेद दिला. निसर्गाशी असलेलं नातं कामाच्या वाटणीतून आणि मालकीतून घडतं, गर्भाशयातून नव्हे. सरपण आणि पाणी जिला रोज आणावं लागतं, तिला जंगल हटल्याचं सर्वांत आधी कळतं. खेळाच्या भाषेत, त्या गठ्ठ्यातले पत्ते तिनेच सर्वांत जास्त उचललेले असतात. हे काम पुरुषाकडे असतं तर खूण त्याच्या देहावर उमटली असती.

आता तरुणांच्या काळजीकडे बघू. 2021 मध्ये दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 जणांची पाहणी झाली. 59 टक्के जण हवामानबदलामुळे खूप किंवा अतिशय काळजीत होते आणि 45 टक्क्यांहून जास्त जणांच्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम होत होता. सरकारने विश्वासघात केल्याच्या भावनेशी ही काळजी जोडलेली आढळली. ज्यांची झोप उडाली आहे त्यांना आधार मिळायलाच हवा. पण या काळजीला सरसकट आजार ठरवणं म्हणजे दंडाच्या पत्त्याआधीचा ओला तळहात पुसून टाकणं.

भावना सरकारदरबारी पुरावा म्हणून उभी राहू शकते का? एकदा राहिली. ऑस्ट्रेलियाच्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी सगळा परिसर पालटून टाकला. घर सुटलेलं नाही, पण घराभोवतीचं ओळखीचं जग नाहीसं होतंय, अशा माणसांची व्यथा तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी तिथे अभ्यासली आणि तिला ‘सोलास्टॅल्जिया’ असं नाव दिलं. त्याच खोऱ्यातल्या बुल्गा गावाने वॉर्कवर्थ खाणीच्या विस्ताराविरुद्ध दाद मागितली, तेव्हा अल्ब्रेक्ट यांची साक्ष झाली. एप्रिल 2013 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या भूमी व पर्यावरण न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ब्रायन प्रेस्टन यांनी जैवविविधता, आवाज आणि धूळ यांच्याबरोबर गावकऱ्यांची ही हानीही हिशेबात धरली आणि परवानगी रद्द केली. 2014 मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम ठेवला. मधल्या काळात, नोव्हेंबर 2013 मध्ये, राज्य सरकारने नियम बदलून खनिजाचं आर्थिक महत्त्व हा मुख्य निकष केला. 2015 मध्ये तो निकष काढून टाकण्यात आला, आणि त्याच वर्षी विस्ताराला नव्याने परवानगी मिळाली.