केसाचे मूळ वेगळे, तंतू वेगळा

वाघोली, उंड्री, पिसोळी अशा पुण्याच्या कडेने वाढलेल्या भागांत राहायला गेलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. पेठेत किंवा कोथरूडला होतो तोवर केस चांगले होते, इथे बोअरचे आणि टँकरचे पाणी सुरू झाले आणि गळती लागली. या तक्रारीतले निरीक्षण बहुधा खरे असते, परंतु त्याचे कारण चुकीच्या जागी शोधलेले असते. ती चूक नेमकी कुठे होते हे समजले, तर केसांच्या रोजच्या सवयींपैकी कोणत्या खरोखर उपयोगी आहेत हेही बऱ्याच अंशी उलगडते.

केसाचा जो भाग आपण विंचरतो, तो पूर्णपणे निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो एक तंतू असून त्याभोवती एकमेकांवर चढलेल्या अतिसूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. जिवंत असतात ते टाळूच्या त्वचेत रुतलेले केशकूप, आणि त्यांची संख्या डोक्यावर सुमारे १ लाख असते. केशकूपाला पोषण मिळते ते रक्तातून. बाहेर आलेल्या तंतूचे काय झाले याची त्याला खबर नसते. म्हणूनच जावळ काढल्याने किंवा डोके भादरल्याने केस दाट येत नाहीत. वस्तऱ्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही, हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रयोगाने दाखवले होते, तरी आपल्याकडे आजी मंडळींचा हा विश्वास अजून अढळ आहे.

तंतू निर्जीव असल्यामुळे त्याला झालेली इजा भरून येत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ६० सेंटिमीटर लांब वेणीचे टोक सुमारे ५ वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेले असते आणि आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत त्या टोकाने पाचशेहून अधिक धुणी सोसलेली असतात. रोजच्या वापरातल्या सुती साडीचा काठ जसा आधी विरतो, तसे केसांना फाटे टोकाशीच फुटतात. फाटे जोडून देण्याचा दावा करणारी उत्पादने त्यांवर तात्पुरता लेप चढवतात. खरा उपाय कात्रीच.

आता पाण्याकडे वळू. शहराला महापालिकेचे पाणी मिळते ते मुख्यतः खडकवासला धरणसाखळीतून. ते साठवलेले पावसाचे पाणी असल्याने तुलनेने मृदू असते. बोअरचे पाणी मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आलेले असते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. हे क्षार केसांवर बसतात, आणि साबण वापरल्यास त्यांचा पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. केस राठ होतात, गुंता वाढतो आणि विंचरताना ते मधूनच तुटतात. फणीत अडकलेला केस नीट पाहावा: एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलेला आहे, नसेल तर तुटलेला आहे. अशा क्षारयुक्त, म्हणजे जड पाण्याने होते ती मुख्यतः तूट. त्यावर साबणाऐवजी शाम्पू वापरणे आणि शेवटचे एक-दोन तांबे पाणी मृदू घेणे एवढे पुष्कळदा पुरते. शिकेकाईतील सॅपोनिन हे द्रव्य जड पाण्यातही साका धरत नाही, त्यामुळे विहिरीच्या पाण्यावर न्हाणाऱ्या जुन्या पिढीचे तिच्यावाचून अडत असे ते उगाच नव्हे. वेष्टणावर शिकेकाईचे चित्र असलेला साबण मात्र शेवटी साबणच असतो.

तेलाचा प्रश्न अधिक रोचक आहे. तेलाने मुळांना पोषण मिळते ही समजूत चुकीची आहे, पण म्हणून तेल निरुपयोगी ठरत नाही. केस भिजला की पाणी आत शिरून तो फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे वारंवार घडल्याने खवले सैल होऊन आतील प्रथिन झिजत जाते. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा प्रथिनाची झीज लक्षणीय प्रमाणात कमी केली ती केवळ खोबरेलाने. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील होते, ही गोष्ट लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचायला हवा. तथापि त्यामागील कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असल्याने ते तंतूच्या आत शिरते आणि पाण्याला वाव कमी ठेवते. याचा अर्थ तेल लावण्याची योग्य वेळ न्हाण्यापूर्वीची, आणि जागा केसांच्या लांबीवर, विशेषतः टोकांकडे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग न्हाणे हा जो क्रम आहे, तो या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

टाळूवर तेल थापून दोन दिवस तसेच ठेवणे ही वेगळी गोष्ट. टाळूवर मॅलेसेझिया नावाचे यीस्ट सर्वांच्याच डोक्यावर वस्तीला असते. ते त्वचेतील स्निग्ध द्रव्यांवर जगते आणि त्यातून सुटणाऱ्या मेदाम्लांनी काहींच्या टाळूचा दाह होऊन कोंडा होतो. कोंडा असताना टाळूला तेल चोळणे म्हणजे या यीस्टला आयते खाद्य पुरवणे होय. त्याला आवरण्यासाठी कीटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू लावून लगेच न धुता काही मिनिटे ठेवावा लागतो, आणि हे बहुतेक जण करत नाहीत.

ओल्या केसात प्रथिनांचे हायड्रोजन बंध सुटलेले असतात, त्यामुळे तो ताणला जातो आणि सहज तुटतो. तेव्हा पंचाने खसाखसा पुसण्याऐवजी पाणी टिपून घ्यावे आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करून वर जावे. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरवल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन तंतूत बुडबुडे तयार होतात.

दुचाकीच्या या शहरात हेल्मेटवर टक्कल पडल्याचा आळ नेहमीच येतो. केशकूपाला हवा नव्हे, रक्त लागते. त्यामुळे हेल्मेटने डोके ‘गुदमरते’ हा युक्तिवाद टिकत नाही. घामट अस्तर मात्र वरचेवर धुवावे. त्याहून चिंतेचा आहे तो रोज एकाच जागी करकचून बांधलेला पोनीटेल किंवा अंबाडा, कारण सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे केशकूप कायमचे निकामी होऊ शकतात.

मुळापासून गळणारे केस दिवसाला ५० ते १०० असले तर ते स्वाभाविक आहे. प्रत्येक केशकूप २ ते ६ वर्षे केस वाढवतो, मग सुमारे ३ महिने विश्रांती घेऊन तो सोडून देतो. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा अन्नाची एकदम केलेली कपात यांमुळे पुष्कळ केशकूप एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि गळती दिसते ती २-३ महिन्यांनंतर. सप्टेंबरात डेंग्यू झालेल्याचे केस दिवाळीच्या सुमारास झडू लागतात, आणि तोवर ताप विसरला गेल्यामुळे दोष नव्या शाम्पूला किंवा नव्या घराच्या पाण्याला दिला जातो. ही गळती बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप थांबते.

ती थांबली नाही, तर रक्त तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे लोहाची आणि थायरॉईडची तपासणी ही महागड्या सीरमपेक्षा आधीची पायरी ठरते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची मात्र सरसकट गरज नसते, कारण त्याची कमतरता विरळा आहे. उलट जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या काही चाचण्यांचे निकालच चुकू शकतात, म्हणून गोळ्या चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

चाईसारखा गोल चट्टा, वर्षागणिक रुंदावत जाणारा भांग किंवा टाळूवर व्रण यांपैकी काही दिसले, तर घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. मिनॉक्सिडिलसारखे औषध केशकूप शिल्लक असतील तिथेच काम करते, आणि व्रणाखाली गेलेला केशकूप पुन्हा उगवत नाही.