ब्लॅक सिक्सच्या पलीकडे: इम्यून मेमरी आणि वेगवेगळ्या जनुकांचे उंदीर

टी सेल्स, म्हणजे इम्यून सिस्टीममधल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एकदा येऊन गेलेला व्हायरस कसा लक्षात ठेवतात याबद्दल जे काही माहितीये त्यातलं बरंचसं ब्लॅक सिक्स नावाच्या उंदरांच्या एकाच इनब्रेड (पिढ्यानपिढ्या भाऊबहिणींची जोडी लावून केलेल्या) जातीवरून आलंय, आणि ही जात १९२१ पासूनची. सगळे उंदीर जवळपास जुळे, त्यामुळे रिझल्ट स्वच्छ येतात, पण ती गोष्ट एकाच जीनोमची, म्हणजे जनुकांच्या एकाच संचाची असते. खरं तर इशारा १९६० च्या दशकातच मिळालेला, एक जात फ्लूने मरतच नव्हती, पुढे कळलं की तिच्यात फ्लूला अडवणारा एमएक्स१ जीन शाबूत आहे आणि लॅबमधल्या बहुतेक जातींत तो बिघडलेला आहे.

तरी मोठा बदल व्हायला २००० नंतरचा काळ उजाडला. आठ जाती घेतल्या, पाच लॅबच्या आणि तीन रानटी उंदरांपासून आलेल्या, आणि त्यांचं मिश्रण करून कोलॅबोरेटिव्ह क्रॉस तयार केला. खरा वाद इथेच आहे. मिसळून झाल्यावर पुन्हा भाऊबहिणींची जोडी लावून इनब्रेड लाइन्स करायच्या की मिसळतच ठेवायचं? कोलॅबोरेटिव्ह क्रॉसने पहिली वाट घेतली आणि तिची किंमत भयंकर होती, सुरू केलेल्या बहुसंख्य लाइन्स मध्येच संपल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या नर वांझ निघाल्यामुळे, कारण वेगवेगळ्या उपजातींचे जीन्स एकमेकांशी जुळेनात. दुसऱ्या वाटेने डायव्हर्सिटी आउटब्रेड आले, तिथे प्रत्येक उंदीर एकमेव. जीन नेमका कुठे आहे ते शोधायला ते उत्तमच. पण मेमरीसाठी इन्फेक्शननंतर आठव्या दिवशी टी सेल्स सर्वांत जास्त किती झाल्या ते बघायचं आणि महिनाभराने काय उरलं ते बघायचं, आणि मोजायला स्प्लीन (प्लीहा) काढली की तो उंदीर संपला. म्हणजे तसाच दुसरा उंदीर हातात हवाच, आणि तो फक्त इनब्रेड लाइनमध्येच मिळतो. एवढं नुकसान होऊनही इनब्रेड लाइन्स करायचा तो निर्णय बरोबरच होता असं मला ठामपणे वाटतं.

२०१४ मध्ये त्याचं फळ दिसलं. तोच इबोला व्हायरस, पण काही लाइन्स पूर्ण सावरल्या आणि काहींना माणसासारखा रक्तस्राव झाला, जो ब्लॅक सिक्समध्ये दिसतच नव्हता. २०१६ मध्ये पेट शॉपच्या उंदरांनी वेगळीच बाजू दाखवली, स्वच्छ पिंजऱ्यातल्या उंदराची इम्यून सिस्टीम माणसाच्या नवजात बाळासारखी आणि दुकानातल्याची मोठ्या माणसासारखी. म्हणजे नुसते जीन्स बदलून भागत नाही.

आता अडतंय टेट्रामरपाशी. ठराविक व्हायरसचे टी सेल्स मोजायला लागणारं हे साधन एमएचसीवर, म्हणजे व्हायरसचे तुकडे टी सेल्सना दाखवणाऱ्या आणि जातीनुसार बदलणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असतं आणि जास्तीत जास्त टेट्रामर ब्लॅक सिक्सच्या एच-२बी या एमएचसी प्रकारासाठीच बनलेत. दुसऱ्या लाइनचा ब्लॅक सिक्सशी क्रॉस केला तर पहिल्या पिढीत एच-२बी हमखास मिळतो, पण मग अर्धा जीनोम पुन्हा ब्लॅक सिक्सचाच.