पिकांवरील परजीवी सूत्रकृमी

पिकांच्या मुळांत शिरून जगणारे, धाग्यासारखे सूक्ष्म प्राणी. ते नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत; दिसते ते पीक, ओलावा असूनही भर दुपारी मान टाकणारे आणि खत देऊनही पिवळे पडणारे. रोप उपटल्याशिवाय खरा प्रकार उमगत नाही. शेंगवर्गीय पिकांत तर उपटूनही फसगत होते, कारण नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्याही गाठी मुळांवर असतात. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि अंगठ्याने चोळल्या की सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच. ती सुटत नाही.

ही गाठ करणाऱ्या मेलॉयडोगायने प्रजातीचे पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. मुळाच्या टोकामागून ते आत शिरते, पेशींच्या फटींतून सरकत वाहक ऊतींपाशी थांबते आणि तोंडातल्या पोकळ सुईने मोजक्या पेशींत लाळ सोडते. त्या पेशी मरत नाहीत. त्यांची केंद्रके विभागत राहतात, पेशी मात्र दुभंगत नाही. ती फुगून महापेशी होते आणि रोपाचे अन्न तिकडे वळते. मादी मग जागची हलत नाही, फुगते आणि चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. हेटरोडेरा व ग्लोबोडेरा या सूत्रकृमींच्या दुसऱ्या प्रजाती शेजारच्या पेशींच्या भिंती विरघळवून त्यांची एकच मोठी पेशी करतात. त्यांच्या मेलेल्या मादीची टणक त्वचा म्हणजेच पुटी. तिच्यात अंडी वर्षानुवर्षे तग धरतात.

‘प्रतिकारक वाण’ या शब्दाने थोडी दिशाभूल होते. बहुतेकदा कृमी अशा वाणाच्या मुळातही शिरतो, फक्त त्याचे पोट भरत नाही. टोमॅटोत एमआय-१ जनुक असेल तर कृमी जिथे खायला बसतो तिथल्या पेशी स्वतःहून मरतात आणि तो उपाशी राहतो. हे जनुक सोलॅनम पेरुव्हियानम या रानटी जातीतून १९४०च्या दशकात संकराने आणले गेले. संकरित बी रुजत नसल्याने त्यातला भ्रूण वेगळा काढून वाढवावा लागला होता. मात्र माती सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर तापली की हा प्रतिकार ढिला पडतो, आणि कृमींना तर उबदार मातीच मानवते.

पुटी करणाऱ्या सूत्रकृमीला रोखणाऱ्या, सोयाबीनमधील आरएचजी-१ या जनुकस्थानाची गोष्ट निराळी. तिथे डीएनएचा एक तुकडा किती वेळा आला आहे यावर बरेच ठरते: बळी पडणाऱ्या वाणात एकदा, प्रतिकारक वाणांत तीन ते दहा वेळा. अमेरिकेत बहुतेक प्रतिकारक वाण दीर्घकाळ एकाच मूळ स्रोतातून घेतले गेले. त्यांच्याही मुळांवर वाढणारे कृमी आता तिथल्या शेतांत सर्रास सापडतात.