पर्यावरण विज्ञान की पर्यावरण इंजिनिअरिंग: बाटली आणि टाकी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या कुठल्याही लग्नात पान वाढेपर्यंत हा प्रश्न येतोच: "आमची ताई पर्यावरणात एमएस्सी करतेय. म्हणजे प्रदूषण बोर्डात इंजिनिअर होणार ना?" नाही हो, काकू.

एमएस्सी तुम्हाला माहीत आहेच. सायन्स फॅकल्टी, रसायन, जीवशास्त्र, शेवटी प्रोजेक्ट. इंजिनिअरिंग म्हणजे कलाभवनाकडची, बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मंडळी, सिव्हिल नाहीतर केमिकलच्या पायावरची. फी किती, वर्षं किती, ते कुणीही सांगेल.

घोळ होतो तो कामात. बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचं सांडपाणी घ्या. सायन्सवाली नमुना पातळ करते आणि 300 मिलीच्या बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मोजायच्या बाटलीत आत एकही बुडबुडा राहणार नाही असा भरते. मग बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवते. (पुस्तकातले 20 अंश, पाच दिवस पाठ करून आलेली पोरं इथेच अडखळतात.) पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तीन दिवसांत किती घटला, त्यावरून बीओडीचा आकडा निघतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. समजा आकडा 80 आला. पाणी सोडता येणार नाही, आणि त्यात नेमकं काय बिघडलंय, हे सांगणं तिचं काम. हवा देण्याची टाकी केवढी हवी, ब्लोअर कुठला, गाळ किती परत फिरवायचा, हे इंजिनिअरनं ठरवायचं. बाटलीत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, आणि त्यावर बेतलेल्या टाकीचं मापही चुकतं. म्हणून "इंजिनिअरिंग नाही मिळालं, मग सायन्स घेतलं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

नोकरीच्या जाहिरातीत हा फरक रोकडा समोर येतो. 'पर्यावरण अभियंता' या पदाला बीई किंवा बीटेक मागतात. तिथे एमएस्सीचा अर्ज छाननीतच बाद. प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाच्या पदाला उलट. केंद्रीय प्रदूषण बोर्डाच्या 'सायंटिस्ट बी' या पदाला मात्र दोन्हीकडचे चालतात. पर्यावरण परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांनाही दोघं लागतात. पक्षी, झाडं, जैवविविधता हा भाग सायन्सवाल्यांकडे. 2021 पासून गेटमध्ये, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत, 'ईएस' हा पर्यावरण विज्ञान आणि इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, एमएस्सीवाले तो देऊ शकतात. पण जाहिरातीत बीईच मागितलं असेल, तर एमटेकनं भागेलच असं नाही.

कॉलेजात सगळ्यांना सक्तीचा असतो तो सहा महिन्यांचा पर्यावरणाचा पेपर यांपैकी काहीच नव्हे.

आणि फाटा फुटतो तो अकरावीला, ए ग्रुप (मॅथ्स) की बी ग्रुप (बायोलॉजी) इथे. मॅथ्स सोडलं की कलाभवनाचं दार लागलंच. तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मला विचारू नका, काकू. धाकटीला दहावीच्या सुट्टीत घेऊन या.