डीपीएफचं डिझेल अडलं कुठे?

न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघालेला कंटेनर ट्रक रांगेत अडकला, की इंजिन चालू राहतं, पण धूर पुरेसा तापत नाही. याचा फटका डीपीएफला, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीला बसतो. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या डिझेल ट्रकवर ही गाळणी सर्रास दिसू लागली. तिच्यात साठलेली काजळी झटपट जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. रेंगाळणाऱ्या ट्रकचा धूर तिथवर कधीच पोचत नाही.

म्हणून काही मोठ्या इंजिनांत धुराच्या नळीतच डिझेल फवारतात. हे काम डोझर करतो. गाळणीच्या अलीकडे असलेल्या उत्प्रेरकावर ते डिझेल ज्योतीशिवाय जळतं. एक किलो धूर ३०० अंशांनी तापवायला जेमतेम ८ ग्रॅम डिझेल पुरतं! पण तेवढंही मिळालं नाही तर गाळणी तुंबते, चेक लाइट लागतो आणि गाडी पिकअप घेईनाशी होते.

कळंबोलीत ट्रक गॅरेजला लागला, स्कॅनरवर 'डोझरच्या लाइनमध्ये दाब कमी' असा कोड दिसला, की दाबाचा सेन्सर बदलण्याचा मोह होतो. मला हे अजिबात पटत नाही. कोड दाबाबद्दल सांगतो, बिघडलेल्या भागाबद्दल नाही. तो भाग आपणच शोधायचा असतो, आणि सेन्सर काही स्वस्त येत नाही.

इंजिन बंद ठेवून लाइनमधला दाब सोडला की सेन्सरचा आकडा शून्याजवळ यायला हवा. नाही आला तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासा. मग इंजिन चालू करून लॅपटॉपवरून पुरवठ्याचा व्हॉल्व्ह उघडा. दाब चढला नाही तर लाइनला साधा काट्याचा गेज जोडा. गेज दाब दाखवत असेल आणि सेन्सर दाखवत नसेल, तर दोष सेन्सरकडेच. दोन्ही कमी दाखवत असतील तर चोंदलेला फिल्टर, न उघडणारा व्हॉल्व्ह किंवा गळती.

खरी गंमत पुढे आहे. व्हॉल्व्ह बंद केला की लाइनमध्ये दाब कोंडला जातो. आता फक्त डोझर उघडायचा. दाब झरकन उतरला तर डोझर मोकळा. हलला नाही तर त्याच्या तोंडाशी कार्बन धरलेला असू शकतो, कारण तिथे उरलेले थेंब धुराच्या उष्णतेने करपतात. दोन्ही बंद असताना दाब उतरत गेला तर जॉइंट गळतोय किंवा डोझर आतल्या आत ठिबकतोय. ठिबकणाऱ्या डोझरमुळे पांढरा धूर येतो.

दाब बरोबर आहे, उत्प्रेरकात शिरणारा धूर ३०० अंशांच्या आसपास आहे, तरी पलीकडचं तापमान चढत नाही, असंही होतं. अशा वेळी सायलेन्सर थंड झाल्यावर डोझर काढून मापाच्या भांड्यात फवारून बघावा. ठरलेल्या वेळात कंपनीने दिलेल्या मापाइतकं डिझेल पडलं, तर पुरवठा ठीक आहे. मग तापमानाचे सेन्सर तपासायचे, आणि तेही बरोबर निघाले तर उत्प्रेरक उघडायचा.